रेन पक्षी आणि दारातलं घरटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. टांगलेली कुंडी, कुंडीत पाचोळ्याचा गोळा, आणि खाली एकच ओळ: "ताई, हे काय आहे, आणि आता काय करू?" मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. माझ्या मागच्या दारी गेली कित्येक वर्षं रेन घरटी करतात, म्हणून ओळखीतले आणि ओळखीच्या ओळखीतले लोक मलाच विचारतात. सर्वांत जास्त प्रश्न अमेरिकेतल्या मराठी घरांतून येतात, काही इंग्लंड-ऑस्ट्रेलियातून, आणि थोडे पुण्या-नाशिकहूनही. तेच इथे एकत्र केले आहेत. घरट्यात अंडी असतील आणि तुम्ही घाईत असाल, तर आधी प्रश्न 9 वाचा, बाकीचं सावकाश.

1. रेन म्हणजे नेमका कोणता पक्षी? त्याला मराठीत काय म्हणतात?

रेन हा एकच पक्षी नाही, ते एक कुळ आहे. त्यात सुमारे नव्वद जाती आहेत. बहुतेक लहान, तपकिरी, आखूड गोलसर पंखांच्या, बारीक किंचित वाकड्या चोचीच्या, आणि शेपटी उभी धरायची सवय असलेल्या. एक जात सोडली तर बाकी सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या. ती एक म्हणजे युरेशियन रेन. ती आयर्लंडपासून जपानपर्यंत पसरली आहे.

महाराष्ट्रात हा पक्षी नाही, त्यामुळे रुळलेलं मराठी नावही नाही. मी सरळ 'रेन' लिहिते. या कुळाच्या शास्त्रीय नावाचं मूळ ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ होतो 'गुहेत राहणारा'. पक्षी पाहिलात की नाव पटतं: कुठलीही फट, बीळ, कोनाडा दिसला की आत शिरून बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही.

2. आमच्या पुण्याच्या सोसायटीत शेपटी वर करून झुडपात फिरणारा इवलासा पक्षी आहे. तो रेनच ना?

नाही, पण चूक अगदी स्वाभाविक आहे. तुम्ही बहुधा राखी वटवट्या पाहिलात, नाहीतर शिंपी. वटवट्याला जुन्या इंग्रजी पक्षिपुस्तकांत 'रेन-वॉर्ब्लर' असंच नाव होतं, कारण शेपटीची तऱ्हा आणि झुडपात खालून-खालून फिरण्याची रीत रेनसारखी. नातं मात्र जवळचं नाही.

ओळख अशी: पाठ राखाडी, पोट फिकट बदामी, शेपटी लांब आणि सैल, उडताना चुटकी वाजवल्यासारखा टक-टक आवाज, तर राखी वटवट्या. पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी आणि एकसुरी 'टुवीट-टुवीट' हाक, तर शिंपी. शिंपी पानांच्या कडांना भोकं पाडून कापसाने आणि कोळ्याच्या जाळ्याने ती शिवतो. तसं घरटं रेनच्या कुळात कोणीच करत नाही. बाल्कनीतल्या कुंडीत मोठ्या पानांचं झाड असेल तर शिंपी तिथेही शिवण घालतो. अशा वेळी प्रश्न 9 मधलं 'लांब राहा' हेच तत्त्व लागू पडतं.

3. मग खरा रेन भारतात कुठे दिसेल?

हिमालयात. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम या भागांत युरेशियन रेन आहे. उन्हाळ्यात तो वृक्षरेषेच्या आसपास आणि तिच्याही वर, दगडांच्या राशींत आणि खुरट्या झुडपांत असतो. थंडीत खाली उतरतो आणि गावांजवळ दगडी कुंपणं, लाकडाच्या मोळ्या, ओढ्याकाठची मुळं धुंडाळत फिरतो. ट्रेकला गेलात आणि पायाखालच्या दगडांतून उंदरासारखं काही सुळकन गेलं, तर तिथेच दोन मिनिटं थांबा. बहुतेक वेळा तो पुढच्या दगडावर चढून तुम्हाला निरखतो.

ईशान्य भारतात 'रेन-बॅबलर' नावाचे पक्षी आहेत. तेही नावापुरतेच रेन.

4. अमेरिकेत आमच्या अंगणात येणारा रेन कोणता, हे कसं ओळखू?

पूर्वेकडच्या राज्यांत मुख्यतः दोघांत गोंधळ होतो.

कॅरोलायना रेन थोराड असतो, साधारण 18 ते 22 ग्रॅम. पाठ विटकरी-तांबूस, पोट बदामी, आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. ही भुवई हीच खूण. तो स्थलांतर करत नाही, बारा महिने त्याच परिसरात जोडीने राहतो. साउथ कॅरोलायनाने 1948 मध्ये त्याला आपला राज्यपक्षी केलं.

हाउस रेन त्याच्या निम्मा, 10 ते 12 ग्रॅमचा. रंग साधा मातकट, भुवई जेमतेम जाणवणारी. तो वसंतात उत्तरेकडे येतो आणि थंडीत अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि मेक्सिकोत उतरतो. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी पूर्वीच्या 'हाउस रेन'ची अनेक जातींत विभागणी केली. त्यामुळे नव्या याद्यांत आणि ॲपमध्ये तो 'नॉर्दर्न हाउस रेन' म्हणून दिसेल. पक्षी तोच.

पश्चिम किनाऱ्याकडे असाल तर लांब शेपटीचा, पांढऱ्या भुवईचा ब्यूइक्स रेन बघा. ॲरिझोनात चोया निवडुंगाच्या काट्यांत फुटबॉलएवढं गवताचं घरटं दिसलं, तर तो कॅक्टस रेन, अमेरिकेतला सर्वांत मोठा रेन. आजूबाजूचे काटेच त्याची राखण करतात.

5. नर आणि मादी वेगळे ओळखता येतात का?

रंगावरून नाही. कॅरोलायना रेनमध्ये पूर्ण गाणं नर गातो, मादी मधूनच कर्कश चरचरते. घरट्यात तास-तास बसून अंडी उबवते ती मादी. बाहेरून ओळखायला एवढंच हाती आहे.

6. एवढासा जीव, आणि आवाज एवढा? पहाटे झोप मोडते.

कॅरोलायना रेनचं गाणं म्हणजे तीन स्वरांचा एक तुकडा, पुन्हा पुन्हा, ठणठणीत आवाजात. इंग्रजीत लोक त्याला 'टीकेटल-टीकेटल-टीकेटल' म्हणतात. मला तो 'ये इकडे, ये इकडे, ये इकडे' असा ऐकू येतो, आणि एकदा तसा ऐकला की दुसरा काही ऐकू येत नाही. एकेका नराकडे असे साधारण तीस-चाळीस वेगवेगळे तुकडे असतात. एक तुकडा बराच वेळ घोळवून तो दुसऱ्यावर जातो. पिंजऱ्यात ठेवलेल्या एका नराने एका दिवसात जवळपास 3,000 वेळा गाणं म्हटल्याची नोंद आहे.

बहुतेक गाणारे पक्षी ऋतू संपला की गप्प होतात. हा जानेवारीतही गातो, कारण त्याची हद्द वर्षभर त्याचीच असते आणि ती राखायचं काम त्याला बाराही महिने असतं.

या कुळाच्या गाण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अँडीज पर्वतातल्या बांबूच्या बेटांत प्लेन-टेल्ड रेन नावाची जात आहे. तिच्यात नर आणि मादी आळीपाळीने एकेक सूर घेतात, इतक्या चपखल की ऐकणाऱ्याला एकच पक्षी गातोय असं वाटतं. त्यांच्या मेंदूचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की प्रत्येकाच्या मेंदूत फक्त आपला भाग नाही, तर दोघांचं मिळून होणारं अख्खं गाणं साठवलेलं असतं. सवाल-जवाब रंगवणाऱ्या कलावंतांना हे सांगावं लागणार नाही.

झोपेचं म्हणाल तर खिडकी लावून घ्या. तो गायचा थांबणार नाही.

7. रेन काय खातो?

किडे आणि कोळी. अळ्या, पतंग, नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, तुडतुडे, झुरळं, आणि मोठ्या संख्येने कोळी. उडते किडे झेलायचा त्याचा धंदा नाही. तो जमिनीलगत पाचोळा उलटतो, ओंडक्याची साल उचकतो, विटांच्या फटींत चोच घालतो. बारीक वाकडी चोच त्यासाठीच आहे. कॅरोलायना रेन मोठा किडा सापडला की चोचीत धरून आपटतो, झटकतो, तुकडे करतो. क्वचित छोटा सरडा किंवा बेडूकही खातो. थंडीत किडे कमी झाले की थोडी फळं, बिया, चरबीयुक्त दाणे चालतात.

म्हणून अंगणातला सगळा पाचोळा झाडून पिशव्यांत भरू नका. एक कोपरा तसाच ठेवा. दाणापेटीपेक्षा तो कोपरा रेनला जास्त उपयोगी पडतो. आणि अंगणात कीटकनाशक मारलंत तर त्याच्या ताटातलंच काढून घेतलंत.

8. आम्ही भात, पोळीचे तुकडे, शेव ठेवतो. चालेल?

नको. रेनला त्यात रस नाही, आणि शेवेतलं मीठ कुठल्याच छोट्या पक्ष्याला चांगलं नाही. उरलेल्या भाताला उंदीर आणि घुशी मात्र नक्की येतात.

इथे लोक 'स्यूट' लावतात. ती गाईगुरांची घट्ट चरबी असते. बऱ्याच मराठी घरांत ती हाताळायला नको असते, आणि 'त्याऐवजी तूप चालेल का' असा प्रश्न हमखास येतो. तूप चालणार नाही. ते उन्हात पातळ होतं, पिसांना लागतं, आणि तुपकट पिसं थंडी अडवू शकत नाहीत. सोपा पर्याय घरातच आहे: बिनमिठाचे शेंगदाणे. खलबत्त्यात जाडसर कुटा, पीठ होऊ देऊ नका. कुबट वास आलेले दाणे वापरू नका, बुरशीचे दाणे पक्ष्यांना विषारी ठरतात. हे कूट झुडपाजवळ बशीत किंवा झाडाच्या खरबरीत सालीच्या खाचांत भरून ठेवा. थंडीच्या दिवसांत सकाळी ठेवलेलं माझ्याकडे दुपारपर्यंत संपतं. वाळवलेल्या अळ्या दुकानात मिळतात, त्याही तो आवडीने खातो.

हाउस रेन कशालाच येत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्यासाठी अंगणात किडे असू देणं हीच सोय.

9. टांगलेल्या कुंडीत घरटं आहे, आत अंडी दिसतात. आता काय करायचं?

जवळजवळ काहीच नाही. आणि हे जवळजवळ महिनाभर करायचं आहे.

कुंडीत पाचोळा, सालीचे पट्टे, पाइनच्या सुया, शेवाळ, केस यांचा गोळा असेल, वर छप्पर आणि बाजूने दार असेल, तर तो कॅरोलायना रेन. वेळापत्रक असं असतं: मादी रोज एक याप्रमाणे साधारण चार-पाच अंडी घालते, पांढरट, त्यावर विटकरी ठिपके. मग ती एकटी उबवते, 12 ते 16 दिवस. त्या काळात नर तिला खाऊ आणून भरवतो. अंडी फुटल्यावर पिल्लं घरट्यात 10 ते 16 दिवस राहतात, आणि दोघंही त्यांना भरवतात. म्हणजे पहिलं अंडं दिसल्यापासून चार-पाच आठवड्यांत तुमची कुंडी मोकळी.

या काळात तीन गोष्टी सांभाळा. रोज डोकावू नका. बघायचंच असेल तर मादी स्वतःहून बाहेर गेल्यावर अर्धा मिनिट, आणि पिल्लांना पिसं फुटल्यावर ते अर्धा मिनिटही नाही, कारण घाबरलेली पिल्लं वेळेआधी उड्या मारतात. मांजर त्या दाराने सोडू नका. आणि कुंडी जागची हलवू नका (कारण प्रश्न 12 मध्ये).

पहिल्या वर्षी माझ्या फर्नच्या कुंडीत घरटं झालं तेव्हा मी दार उघडताच मादी माझ्या कानाजवळून सुसाट जायची. तीन-चार दिवसांनी ती फक्त मान वळवून बघायला लागली. आठवड्याने तेही बंद झालं. दाराची करकर, माझी चाल, कपड्यांची बादली ठेवल्याचा आवाज, सगळं तिने ओळखीचं करून घेतलं होतं. नवा पाहुणा दारात आला की मात्र ती लगेच उडायची.

10. पण त्या कुंडीतलं झाड पाण्यावाचून मरेल!

पाणी घाला, फक्त घरट्याच्या विरुद्ध कडेने, बारीक धारेने, थोडं थोडं. झारीचा फवारा नको. घरटं ओलं झालं तर अंडी आणि पिल्लं गारठतात. मादी बाहेर असेल ती वेळ साधा. झाडाची एक-दोन फांद्यांची हानी झाली तर होऊ द्या, ती पुन्हा फुटतात.

11. दारावरच्या तोरणात, गॅरेजमध्ये, चपलांच्या मांडणीत घरटं केलंय. हे काय वेड?

वेड नाही. त्याच्या दृष्टीने तुमचं दार म्हणजे कडेकपारीतला कोनाडा: वर छप्पर, पाऊस नाही, साप-ससाण्याची ये-जा कमी. कॅरोलायना रेनने टपालपेटी, जुने बूट, टांगलेल्या कोटाचा खिसा, हेल्मेट, काहीही सोडलेलं नाही.

तोरण किंवा फुलांचं कडं दारावर असेल तर महिनाभर दुसऱ्या दाराने ये-जा करा. दुसरं दार नसेल तर हेच दार अलगद उघडा-लावा, त्यांना सवय होते. गॅरेजमध्ये घरटं असेल तर दार खालून वीतभर उघडं ठेवा. तेवढं त्यांना पुरतं. रात्री बंद करणार असाल तर फटफटायच्या आत उघडायलाच हवं. पिल्लं उजाडल्याबरोबर भुकेली असतात, आणि आई-बाप आतबाहेर अडकले तर तासाभरातही नुकसान होतं.

घरट्याला सुरुवातच झाली असेल, चार काड्या आणि दोन पानंच असतील, आणि जागा खरोखर अडचणीची असेल, तर त्याच दिवशी काढून टाका आणि ती जागा झाका. अंडी आल्यावर ही वेळ गेलेली असते.

12. घरटं उचलून शेजारच्या झाडावर ठेवलं तर?

ठेवू नका. रेन घरट्याला जागेवरून ओळखतो. काही फूट हलवलेलं घरटंही आई-बाप सोडून देऊ शकतात.

शिवाय कायदा आहे. अमेरिकेत 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं हलवणं, मोडणं गुन्हा आहे, आणि स्थलांतर न करणारा कॅरोलायना रेनही त्या यादीत आहे. इंग्लंडमध्ये हेच संरक्षण 1981 च्या कायद्याने मिळतं, भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 आहे. रंगकाम किंवा छपराची दुरुस्ती ठरली असेल तर काम करणाऱ्यांना सांगून महिनाभर पुढे ढकला. मला आलेल्या प्रश्नांत बहुतेकांनी तसं केलं आणि सगळ्यांचं जमलं.

13. घरट्यात सापाची कात निघाली! साप आला होता का?

बहुधा नाही. कॅरोलायना रेन कात सापडली की मुद्दाम उचलून घरट्यात विणतो. पक्ष्यांच्या इतरही काही जाती असं करतात. कातेला दचकून काही शिकारी प्राणी लांब राहत असावेत, असं मानलं जातं. प्लॅस्टिकचा पातळ कागदही तो याच पद्धतीने वापरतो.

खरा साप येतोच, आणि तो झाडावर, खांबावर सहज चढतो. पण आलेल्या सापाला मारू नका. घरट्याच्या खालची अडगळ, चढायला मदत करणाऱ्या काठ्या आणि वेली आधीच बाजूला काढणं एवढंच आपल्या हातात असतं.

14. घरट्याची पेटी लावायची आहे. केवढी, कुठे?

हाउस रेनसाठी पेटी लावणं सोपं. दाराचं भोक 2.5 ते 2.9 सेंमी. एवढ्या भोकातून चिमणी (हाउस स्पॅरो) आत येऊ शकत नाही, हाच मुख्य फायदा. पेटी बिनरंगी लाकडाची, तळाला पाणी निथळायला भोकं, एक बाजू साफसफाईसाठी उघडणारी. दारापुढे बसायची काडी लावू नका, रेनला ती लागत नाही आणि शिकाऱ्याला ती उपयोगी पडते. उंची दीड ते तीन मीटर, झुडपांच्या जवळ.

कॅरोलायना रेन गोल भोकाच्या पेटीपेक्षा उघडा कोनाडा पसंत करतो. वळचणीला आडवी टांगलेली टोपली किंवा जुनी कुंडी त्याला पुरे.

15. पेटीत नुसत्या काटक्या ठासून भरल्यात, अंडी नाहीत. पक्षी पळून गेला?

नाही, तो नराचा प्रस्ताव आहे. हाउस रेनचा नर आधी येतो आणि आसपासच्या सापडतील तेवढ्या पोकळ्यांत काटक्या भरतो. एका घरट्यात चारशेहून जास्त काटक्या मोजल्या गेल्या आहेत. मग मादी येऊन पाहणी करते, एक जागा पसंत करते, आणि काटक्यांच्या मागे गवत, पिसं, केस घालून मऊ वाटी करते.

युरेशियन रेनमध्येही हेच, फक्त नर पाच-सहा शेवाळाचे गोळे बांधतो आणि मादी एक निवडते. पाणथळीतल्या मार्श रेनचा नर तर एकेका मादीमागे अशी सरासरी सहा रिकामी घरटी बांधतो.

म्हणून नुसत्या काटक्यांनी भरलेली पेटी लगेच साफ करू नका, मे-जून जाऊ द्या. या पेट्यांत कोळ्यांच्या अंड्यांच्या पुरचुंड्याही सापडतात. नर त्या मुद्दाम आणतो. त्यातून निघालेले कोळी घरट्यातल्या गोचिडांसारख्या बारीक किड्यांना खातात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

16. हाउस रेनने आमच्या ब्लूबर्डची अंडी फोडून बाहेर टाकली. एवढा क्रूर?

ब्लूबर्ड हा इथला, पोकळीत घरटं करणारा निळा पक्षी. हा प्रश्न रागाने भरलेला येतो, आणि राग मी समजू शकते. निळीशार अंडी सकाळी पाहिलेली असतात आणि दुपारी गवतात भोकं पडलेली मिळतात. हाउस रेन खरोखर असं करतो. त्याला झाडात पोकळी कोरता येत नाही, आयत्या पोकळ्या थोड्या, आणि त्या मिळवायला तो आपल्याहून मोठ्या पक्ष्यांची अंडी टोचतो, बारीक पिल्लंही बाहेर काढतो.

पण त्याला हाकलणं, त्याची अंडी काढणं बेकायदाच आहे. उपाय जागेत आहे. ब्लूबर्डची पेटी मोकळ्या गवतात, झुडपांपासून 30 मीटर किंवा जास्त अंतरावर लावा. हाउस रेनला मोकळ्यावर फिरायला आवडत नाही. ब्लूबर्डने अंडी घातल्यावर भोकासमोर काही सेंटीमीटर अंतरावर एक फळी लावतात, म्हणजे दुरून भोक दिसत नाही. पिल्लं अंड्यांतून आली की ही फळी काढून टाकायची. जागा कमी असेल तर मी स्वतः ब्लूबर्डची पेटी लावणार नाही. दोघांना शेजारी बसवून एकाचं नुकसान आपणच ओढवतो.

17. घरट्यातलं एक अंडं बाकीच्यांहून मोठं आहे. का?

ते काउबर्डचं असू शकतं. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तसाच हा प्रकार. कॅरोलायना रेन बऱ्याचदा बळी पडतो. हाउस रेनच्या पेटीचं भोक अरुंद असल्यामुळे तो सहसा वाचतो. मोठ्या अंड्याचं पिल्लू लवकर वाढतं आणि जास्त घास खातं.

काढून टाकू का, हा पुढचा प्रश्न. परवानगीशिवाय नाही. काउबर्ड इथलाच मूळचा पक्षी आहे आणि त्याची अंडीही प्रश्न 12 मधल्या कायद्याखाली येतात.

18. पिल्लू खाली पडलंय. हात लावला तर आई टाकते म्हणतात, मग उचलू कसं?

हात लावल्याने आई टाकत नाही. ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तिच्यामुळे वाचू शकणारी पिल्लं मरतात.

अंगावर पिसं नसतील, कातडी गुलाबी दिसत असेल, तर हळूच उचलून त्याच घरट्यात ठेवा आणि निघून जा. पिसं आलेली असतील, आखूड शेपटी असेल, उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. रस्त्यात असेल तर जवळच्या झुडपात ठेवा. मांजर-कुत्रं आत घ्या. आई-बाप आजूबाजूलाच असतात आणि तिथे येऊन भरवतात. कॅरोलायना रेनमध्ये मादी पुढच्या खेपेची तयारी करत असेल तर नर एकटा ही जबाबदारी घेतो. दूध, पाणी, भिजवलेली पोळी पिल्लाच्या तोंडात घालू नका. जखम दिसत असेल तर तुमच्या भागातल्या परवानाधारक वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा.

19. दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नाही. रोज संध्याकाळी त्यात एक पक्षी शिरतो. डिसेंबरात घरटं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे. ते घरटं नाही, झोपायची जागा आहे. कॅरोलायना रेन थंडीत अंधार पडता-पडता वळचणीला, टांगलेल्या टोपलीत, अशा कोनाड्यांत शिरतो आणि उजाडल्यावर निघतो. खालून उघडा, बाजूंनी बंद, छपराखाली टांगलेला कंदील त्याला आयताच मिळाला.

आतला दिवा काढा, खाली लोंबणाऱ्या झिरमिळ्यांत पाय अडकेल असे दोरे असतील तर कापा, आणि कंदील मार्चपर्यंत राहू द्या. तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी हरकत नाही.

20. कडाक्याच्या थंडीत हे एवढेसे पक्षी जगतात कसे?

सगळे जगत नाहीत. शरीर लहान, उष्णता पटकन जाते, आणि बर्फाने जमीन झाकली की किडे मिळत नाहीत. कॅरोलायना रेन गेल्या शतकभरात उत्तरेकडे पसरला आहे, पण एखादा कडक हिवाळा आला की त्या उत्तर टोकाला त्याची संख्या घसरते आणि मग काही वर्षांत भरून येते. ब्रिटनमध्ये 1962-63 च्या हिवाळ्याने रेनची दाणादाण उडवली होती. आज तिथे सर्वाधिक जोड्या असलेला पक्षी हाच आहे, सुमारे 1 कोटी 10 लाख.

एरवी युरेशियन रेन एकटा राहतो, शेजाऱ्याला हद्दीत येऊ देत नाही. कडक थंडीत मात्र तोच दाटीवाटीने झोपतो. इंग्लंडमध्ये नॉरफकला एका पेटीत साठाहून अधिक रेन एका रात्री शिरलेले मोजले गेले आहेत.

21. लंडनला ऐकलं की रेन पक्ष्यांचा राजा आहे. ते कसं काय?

युरोपातली जुनी गोष्ट: जो सर्वांत उंच उडेल तो राजा, असं ठरलं. गरुड सगळ्यांच्या वर गेला, थकला, आणि त्याच्या पिसांत लपलेला रेन बाहेर येऊन आणखी थोडा वर उडाला. जर्मनमध्ये त्याचं नावच 'कुंपणाचा राजा' अशा अर्थाचं आहे. आयर्लंडमध्ये 26 डिसेंबरला 'रेन डे' असतो. पूर्वी त्या दिवशी मुलं रेन मारून काठीला बांधून दारोदार गात फिरत. आता खऱ्या पक्ष्याला हात लावत नाहीत, मिरवणूक आणि गाणी राहिली. ब्रिटनच्या फार्दिंग या सर्वांत लहान नाण्यावर 1937 पासून 1956 पर्यंत रेनच होता.

22. मेलबर्नला आमच्या बागेत निळाशार रेन येतो. तुम्ही तर सगळे तपकिरी म्हणता!

तो फेअरी-रेन. ऑस्ट्रेलियात गेलेल्या युरोपियनांनी उभी शेपटी पाहून घरचंच नाव दिलं. कूळ पूर्ण वेगळं. त्याची मादी अंड्यांत असलेल्या पिल्लांना एक विशिष्ट सूर ऐकवते. बाहेर आल्यावर पिल्लं घास मागताना तो सूर लावतात आणि कोकिळकुळातलं घुसखोर पिल्लू त्यावरून ओळखू येतं.

न्यूझीलंडचे 'रेन'ही असेच वेगळे. त्यातला स्टीफन्स बेटावरचा न उडणारा रेन 1890 च्या दशकात नाहीसा झाला, बेटावर दीपगृह उभं राहिलं आणि मांजरं आली त्यानंतर.

23. दरवर्षी आमच्या कुंडीत तोच जोडा येतो का?

कॅरोलायना रेन असेल तर शक्यता चांगली. जोडी वर्षभर टिकते, हद्द सोडत नाही, एका हंगामात दोन-तीन खेपाही होतात. ओळखीसाठी पायात कडी घातलेला एक पक्षी साडेसात वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे, पण बहुतेकांचं आयुष्य त्याहून बरंच कमी. एक गेला तर दुसरा नवा जोडीदार शोधतो, आणि तुम्हाला बाहेरून फरक कळत नाही. कडी नसेल तर खात्रीने सांगता येत नाही.

प्रत्येक खेपेला ते सहसा नवं घरटं बांधतात. त्यामुळे पिल्लं उडाल्यावर आठवडाभर थांबा, जुना गोळा हातमोजे घालून काढा, कुंडीला भरपूर पाणी द्या आणि त्याच आकड्याला परत टांगा. माझी फर्नची कुंडी तिसऱ्यांदा नव्या मातीत भरली आहे. आकडा मात्र पहिल्या वर्षीचाच आहे, आणि यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सातला तिच्या कडेवर पहिलं ओकचं पान आलं.